कमानी

आमच्या अब्बांचे परभणीत जिंतूर रोडला कमान-पाट्याचे दुकान होते. दुकान कसले, चार लोखंडी खांब, वर पत्रे, एक भट्टी, एक ऐरण आणि समोर जॅकवर उचलून ठेवलेला एखादा ट्रक. पाटीवर मराठीत लिहिले होते, ‘येथे सर्व गाड्यांचे कमान पाटे दुरुस्त करून मिळतील’. त्याखाली उर्दूत एकच शब्द होता, ‘कमानी’. पेंटरला उर्दू येत नव्हते. अब्बांनी कागदावर लिहून दिलेला शब्द त्याने चित्र काढावे तसा काढला, त्यामुळे नूनचा नुक्ता भलतीकडेच सरकून बसला होता. मी अलिफ-बे शिकत होते तेव्हा तो नुक्ता पाहून मला हसू यायचे. अब्बा म्हणायचे, “हंस मत. गिऱ्हाईक नुक्ता देखके नै आता.”

ज्यांच्या घरात हा धंदा नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रकच्या चाकाजवळ पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचून आवळलेल्या असतात. एकेक पट्टी म्हणजे पाटा, आणि सगळी जुडी म्हणजे कमान. माल भरला की कमान दबते, माल उतरला की परत उठते. जी उठत नाही ती ‘बसली’. अब्बा ट्रकभोवती एक फेरी मारायचे, खाली वाकून हात आत घालायचे आणि बोटे मोजायचे. डावीकडे सहा बोटे, उजवीकडे चार. मग ड्रायव्हरला ठरलेला प्रश्न, “माल क्या डालता?” ऊस म्हटले की एक हिशेब, सरकी म्हटले की दुसरा. पाटा वाढवला की कमान कडक होते. भरल्या गाडीला ते बरे, पण तीच गाडी रिकामी निघाली की खड्ड्याखड्ड्याला उड्या मारते आणि ड्रायव्हरची पाठ जाते. किती ओझ्याला किती बोटे दबली पाहिजेत, हे अब्बांच्या हाताला ठाऊक होते. त्यांचे शिक्षण चौथी, तेही उर्दू.

मी दहावीपर्यंत उर्दूतूनच शिकले. २००५ मध्ये अकरावीला सायन्स घेतले आणि एका उन्हाळ्याच्या सुटीत सगळे इंग्रजी होऊन गेले. कुव्वतची फोर्स झाली, कमियतचे मास झाले, तरसीमचा ग्राफ झाला, मुस्तकिलचा कॉन्स्टंट. शब्द नवे होते हे एक दुःख. त्याहून मोठे दुःख असे की जुने शब्द आता कुणालाच नको होते. उर्दू शाळेतून आलेल्या आम्ही चौघी मागच्या बाकावर बसायचो आणि फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवून घ्यायचो.

प्रॅक्टिकलला एक प्रयोग होता, स्प्रिंगचा स्थिरांक काढण्याचा. स्टँडला स्प्रिंग टांगायची, खाली वजने लावत जायचे, प्रत्येक वजनाला ती किती लांबली ते मोजपट्टीवर वाचायचे. आलेख सरळ रेषेत येतो. त्या रेषेच्या चढावरून स्प्रिंग किती कडक ते कळते. एवढाच प्रयोग. पण मुले खंडीभर आणि स्प्रिंगा तीन, त्यातली एक ओढून ओढून सुतळीसारखी झालेली. आमच्या पाळीला तास संपला. मग मागच्या वर्षीच्या एका मुलीची वही मिळाली, तिने ती आधीच्या वर्षीच्या कुणाची तरी पाहून लिहिलेली. मी त्यातली रीडिंगे उतरवली, दोन-चार आकडे इकडेतिकडे केले म्हणजे संशय येणार नाही, आणि काळ्याभोर पेन्सिलीने सरळ रेषा मारली. रेषा शून्यातून निघून कोपऱ्यापर्यंत गेली. सही मिळाली, गुणही चांगले मिळाले. त्या स्प्रिंगला मी हातसुद्धा लावला नव्हता.

आणि त्या साऱ्या वर्षात एकदाही माझ्या डोक्यात आले नाही की हे अब्बांचे काम आहे. कॉलेजातून घरी जाताना रोज दुकानावरून जायचे. अब्बा वाकून बोटे मोजत असायचे.

बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, उर्दू हायस्कूलमध्ये लागले. पहिल्याच वर्षी विज्ञानाचा पाठ काढताना उर्दू पुस्तकात ‘कमानीदार तराजू’ हे शब्द आले. मराठी पुस्तकात त्याला तानकाटा म्हणतात. मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. डोळ्यासमोर तो सरकलेला नुक्ता आला. अकरावीला कुणी एवढे जरी म्हटले असते की स्प्रिंग म्हणजे कमानी, तर मी संध्याकाळी अब्बांना विचारले असते आणि त्यांनी मला प्रयोग पुरता समजावला असता.

कधी काळी हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१७ मध्ये हैदराबादेत दारुत्तर्जुमा म्हणजे भाषांतराचे खाते निघाले आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ. तिथे पदार्थविज्ञान, रसायन, गणित सगळे पदवीपर्यंत उर्दूतून शिकवत. त्या खात्याने विज्ञानासाठी शब्द घडवले. १९४८ नंतर ते दिवस गेले. संस्थानी राज्याबद्दल मला काही उमाळे नाहीत, मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या लाखो मुलांना तेव्हा उर्दूत शिकावे लागत होते आणि त्यांचीही गोष्ट माझ्यासारखीच असणार. पण माझ्या वर्गातल्या मुली जे शब्द दहावीपर्यंत घोकतात त्यांना मागे एक इमारत होती, एवढे त्यांना कळले तर बरे.

नववीला हा प्रयोग नाही. तरी मी दरवर्षी घेते. माझ्याच मनाचा हट्ट आहे, असे समजा.

शाळेत प्रयोगाची स्प्रिंग नव्हती. वर्गात म्हटले, कुणाच्या घरी स्प्रिंग आहे का? दुसऱ्या दिवशी एक मुलगी पिशवीतून झोळीची स्प्रिंग घेऊन आली. तान्ह्या बाळाची झोळी टांगतात ती, हातभर लांब, जाड तारेची, दोन्ही टोकांना आकडे. तिचा धाकटा भाऊ आता चालायला लागला होता, म्हणून ती मोकळी होती. ही मुलगी दिवाळीच्या सुमारास आईबरोबर कापूस वेचायला जाते, त्यामुळे महिना-महिना शाळेत नसते. वर्गात बोलत नाही. स्प्रिंग देताना मात्र म्हणाली, “मिस, शाम को वापस ले जाना है. सेलूसे खाला आनेवाली है, उनकी डिलिवरी है.”

झोळीच्या स्प्रिंगला ग्रॅमची वजने पुरत नाहीत, किलो लागतात. रंगाचा रिकामा डबा घेतला, किराणा दुकानात तोलला तर ९०० ग्रॅम भरला. एका लग्नातल्या पाण्याच्या लिटरच्या रिकाम्या बाटल्या मुलींनी गोळा करून आणल्या. पाण्याने भरलेली एक बाटली म्हणजे एक किलो धरले, प्लास्टिकचे वीसेक ग्रॅम सोडून दिले. व्हरांड्याच्या पत्र्याखाली लोखंडी पाइप आहे, त्याला स्प्रिंग टांगली. डब्याला तारेचा काटा बांधला आणि मागे भिंतीवर शिंप्याचा टेप चिकटवला. रिकामा डबा टांगल्यावर काटा जिथे आला तिथे शून्याची खूण.

प्रयोगापूर्वी मी त्यांना रॉबर्ट हूकची गोष्ट सांगितली होती. इंग्लंडमधल्या या माणसाला हा नियम सापडला, पण कुणी चोरू नये म्हणून त्याने १६७६ मध्ये तो लॅटिन वाक्यातली चौदा अक्षरे एबीसीडीच्या क्रमाने लावून छापला. कोडे घातले म्हणा, आपल्याकडचा मुअम्मा. उत्तर दोन वर्षांनी, १६७८ मध्ये दिले. अर्थ एवढाच की जितकी लांबण तितके बल. दुप्पट ओढा, दुप्पट लांबेल. मुलींना नियमापेक्षा कोडे जास्त आवडले. त्यांनी आपसात चिठ्ठ्यांवर अक्षरे उलटसुलट करून लिहायला सुरुवात केली, दोन दिवस माझ्या तासाला तेच चालले होते.

तीन गट केले. पहिल्या दोन गटांच्या वह्या बघितल्या तर आकडे सुरेख होते. पहिल्या बाटलीला १.८ सेंटिमीटर, दुसरीला ३.५, तिसरीला ५.३, असे करत सातवीला १२.३. आलेख शून्यातून निघालेला, फुटपट्टीसारखा सरळ. मी दोन्ही वह्यांवर शाबाश लिहिले.

तिसऱ्या गटाची वही स्प्रिंगवालीने लिहिली होती. पहिली बाटली, शून्य. दुसरी बाटली, शून्य. तिसरी २.२, चौथी ४.८, पाचवी ७.२, सहावी ९.८, सातवी १२.३.

मी रागावले. म्हटले, बाटली टाकली आणि काटा हललाच नाही, हे कसे होईल? हूकने काय सांगितले? नीट बघून परत घे. तिने सगळ्या बाटल्या काढल्या आणि पुन्हा एकेक ठेवायला सुरुवात केली. मी शेजारी उभी राहिले. पहिली ठेवली, काटा जागच्या जागी. दुसरी ठेवली, काटा जागच्या जागी. तिसरी ठेवली तेव्हा स्प्रिंगची वेटोळी एकमेकांपासून सुटली आणि काटा सर्रकन खाली आला.

ती खाली मान घालून म्हणाली, “मिस, भाई छोटा था तब भी स्प्रिंग खुलती नै थी. अम्मी बोलते थे, झोली झूलती नै, बच्चा बडा होने दो. दो महीने का हुआ तब खुली.”

मला काही सुचेना. तास संपल्याची घंटा झाली ते बरे झाले.

रात्री अब्बांना फोन केला. दुकान बंद होऊन काही वर्षे झाली, गुडघे वाकत नाहीत. सगळे ऐकून ते म्हणाले, “अगे, वो कसके लपेटे हुए रहती. कुंडल कुंडल से चिपट के बैठता. पैले वो चिपट छुडाने का वजन, बाद में खिंचने का वजन. तेरे किताब में नै है क्या?” माझ्या पुस्तकात नव्हते, किंवा असले तरी माझ्या लक्षात नव्हते. नंतर शोधून वाचले. अशी स्प्रिंग गुंडाळतानाच तारेला पीळ देतात, त्यामुळे वेटोळी आपणहून एकमेकांवर दाबून बसतात. जोवर ओझे त्या दाबापेक्षा कमी, तोवर स्प्रिंग तसूभर हलत नाही. त्यापुढे मात्र हूकचा नियम चोख चालतो. आमच्या झोळीच्या स्प्रिंगला तो दाब डबा धरून साधारण ३ किलोचा होता. तान्हे मूल अडीच किलोचे आणि झोळीच्या साडीचे पाव-अर्धा किलो, म्हणजे खुलणार कशी? अम्मीचे म्हणणे अगदी हिशेबात बसत होते.

मग पहिल्या दोन वह्यांतले ते १.८ आणि ३.५ कुठून आले? मला उत्तर माहीत होते, कारण मी ते काम केलेले आहे. सातव्या बाटलीचा आकडा खरा वाचायचा आणि त्याचे सात सारखे भाग पाडायचे. अकरावीतल्या माझ्या वहीत आणि यात फरक इतकाच की या पोरींनी निदान एक आकडा तरी स्वतः बघितला होता.

दोन वह्यांची दोन उत्तरे येतात. शून्यातून रेषा काढली तर कडकपणा मीटरला ५५८ न्यूटन. तिसरीपासून सातव्या बाटलीपर्यंतच धरले तर चार किलोला १०.१ सेंटिमीटर, म्हणजे मीटरला ३८८ न्यूटन. (याचा अर्थ ती स्प्रिंग मीटरभर ताणायला चाळीस किलोचे ओझे लागेल असा होतो. कागदावर. प्रत्यक्षात ती त्याच्या आधीच कायमची वाकडी होईल.) खरे कोणते? माझ्या शाबाशकीवर ठरवायचे तर पहिले.

स्प्रिंगचा कडकपणा काढायची दुसरी रीत आहे. तिच्यात टेप लागत नाही, घड्याळ लागते. ओझे टांगून किंचित खाली ओढून सोडायचे आणि ते वरखाली किती वेळात होते ते मोजायचे. कडक स्प्रिंग लवकर वरखाली होते, मऊ सावकाश. वेटोळी पूर्ण मिटू दिली नाहीत तर त्या आधीच्या दाबाचा इथे संबंधच येत नाही. सूत्र नववीचे नाही. मी फळ्यावर लिहिले आणि म्हटले, आज उधार घ्या, अकरावीत फेडा.

त्यासाठी स्प्रिंग पुन्हा पाहिजे होती. मुलीने घरी विचारून आणली, खाला यायला अजून दोन दिवस होते. सात बाटल्या आणि डबा मिळून ७.९ किलो. एकीच्या हातात माझा मोबाइल, बाकीच्यांनी मोठ्याने मोजायचे. पहिल्या खेपेला सगळ्या इतक्या जोरात ओरडल्या की शेजारच्या वर्गातले सर बाहेर आले. मला त्यांना सांगावे लागले की झोळी हलवतोय. दुसऱ्या खेपेला वीस झोके १८ सेकंदात. पुन्हा घेतले, पुन्हा १८ च्या आसपासच. हिशेब केला तर मीटरला ३८५ न्यूटन.

फळ्यावर तीन आकडे शेजारी शेजारी होते. ५५८, ३८८, ३८५. कुणी काही बोलले नाही. पहिल्या गटातल्या मुली वह्यांकडे बघत बसल्या. मी शाबाश खोडले नाही, मला ते बरे वाटेना. त्याऐवजी त्यांना माझ्या अकरावीच्या वहीची गोष्ट सांगितली, ती कुणाची पाहून लिहिली, आकडे कसे इकडेतिकडे केले, सगळे. वर्गात आधी खसखस झाली. मग मागून एकीने विचारले, “मिस, फिर आपको मार्क कैसे मिले?”

मला याचे उत्तर देता आले नाही. अजूनही देता येणार नाही.

एक प्रयोग मात्र राहिला. मला वाटत होते बारा-पंधरा बाटल्या भरून स्प्रिंग हद्दीपलीकडे नेऊन दाखवावी. लचक कुठे संपते ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. अकरावीतली ती सुतळीसारखी झालेली स्प्रिंग मला आठवत होती, अब्बांच्या दुकानातल्या बसलेल्या कमानी आठवत होत्या. मी आठवी बाटली उचलली तशी ती मुलगी पुढे आली आणि तिने स्प्रिंगवर हात ठेवला. “नक्को मिस. घर की है.”

मी बाटली खाली ठेवली. त्या स्प्रिंगला दोन दिवसांनी एक मूल सांभाळायचे होते.

निघताना तिने वही पुढे केली. तिच्या आलेखाची रेषा शून्यातून निघत नाही, बाटल्यांच्या रेघेवर दोनच्या पुढे कुठेतरी उगवते आणि तिथून सरळ वर जाते. वहीत खाली उर्दूत लिहिले होते, ‘कमानी’. म्हणाली, अकरावीत याला काय म्हणतात? मी त्याखाली देवनागरीत आणि इंग्रजीत स्प्रिंग लिहिले, मुस्तकिलखाली कॉन्स्टंट, कुव्वतखाली फोर्स. ती हळू आवाजात वाचत गेली. तिच्या घरून तिला अकरावीला पाठवतील का, मला माहीत नाही. आमच्या गावात सायन्सचे कॉलेज नाही आणि बसचा पास, वेळ, काळजी, हे सगळे घरोघरी सारखेच आहे. तिच्या अम्मींना मी भेटून आले आहे. त्यांनी चहा पाजला, हो किंवा नाही काहीच म्हटले नाही. दहावी होऊ दे, एवढेच म्हणाल्या.

महिन्याभराने व्हरांड्यात ती दिसली तेव्हा मी विचारले, खालाला काय झाले? मुलगी झाली म्हणाली. आणि स्प्रिंग?

“टांगी है, मिस. अभी खुली नै.”